वैद्यकीय महाविद्यालय निवडताना: प्रवेशापूर्वीच्या वर्षांचा इतिहास

१.
प्रवेश परीक्षेचे गुण हाती येतात आणि घरोघरी दोन प्रश्न उभे राहतात. पसंतीक्रमात कोणत्या महाविद्यालयांची नावे भरायची? आणि मनासारखे मिळाले नाही, तर एक वर्ष ‘ड्रॉप’ घ्यायचा का? हे प्रश्न आजचे वाटतात. प्रत्यक्षात त्यांना सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. या धाग्यात तीन अर्जदारांची हकीकत पाहू: एलिझाबेथ ब्लॅकवेल, आनंदीबाई जोशी आणि रखमाबाई.

२.
या तिघींच्या नावामागे ‘पहिली’ किंवा ‘पहिल्यांपैकी एक’ हे विशेषण लावले जाते. त्यामुळे आपले लक्ष थेट पदवीदानाच्या दिवसाकडे जाते. इथे मात्र त्याआधीचा काळ पाहायचा आहे: अर्ज कुठे करावा हे ठरत नव्हते, पैसे नव्हते, वय वाढत होते आणि उत्तराची वाट पाहणे चालू होते, तो काळ. प्रश्न दोनच आहेत. निवडीसाठी त्यांच्यापुढे असलेली महाविद्यालयांची यादी आली कोठून? आणि प्रतीक्षेच्या वर्षांत त्यांनी नेमके काय केले?

३.
प्रारंभ १८४५ पासून करू. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांचा जन्म १८२१ चा, इंग्लंडमधील ब्रिस्टलचा. १८३२ मध्ये कुटुंब अमेरिकेत गेले. १८३८ मध्ये वडील सिनसिनाटी येथे वारले आणि घर चालवण्यासाठी मुलींनी शाळा काढली. पुढे आजारी असलेल्या एका परिचित स्त्रीने त्यांना सांगितले, की आपल्यावर उपचार करणारी व्यक्ती स्त्री असती, तर आपल्या यातनांतील सर्वांत असह्य भाग टळला असता. वैद्यकाचा विचार तेथून मनात रुजला. तोवर या विषयाची त्यांना किळसच होती, हे त्यांनी स्वतः नोंदवले आहे.

४.
पहिली अडचण पैशाची होती. शिक्षणाला सुमारे ३,००० डॉलर लागतील असा अंदाज होता. दुसरी अडचण अशी, की एकाही महाविद्यालयाने तोवर स्त्रीला प्रवेश दिलेला नव्हता. म्हणजे पसंतीक्रमाचा कागद कोराच. अशा वेळी ब्लॅकवेल यांनी केलेली योजना पाहण्यासारखी आहे. त्यांनी अशा नोकऱ्या निवडल्या, की ज्यांतून पैसाही साठेल आणि वैद्यकाची पुस्तकेही हाताशी राहतील.

५.
१८४५ मध्ये त्या नॉर्थ कॅरोलिनातील अ‍ॅशव्हिल येथे संगीत शिकवण्यासाठी गेल्या. शाळेचे चालक जॉन डिक्सन हे धर्मोपदेशक होते. पण पूर्वी त्यांनी वैद्यकी केली होती. त्यांच्या ग्रंथसंग्रहात वैद्यकाची पुस्तके होती. पुढच्या वर्षी ब्लॅकवेल साऊथ कॅरोलिनातील चार्ल्स्टनला गेल्या. तेथे जॉन यांचे बंधू सॅम्युएल डिक्सन वैद्यकाचे प्राध्यापक होते. दिवसा मुलींना संगीताचे धडे द्यायचे आणि उरलेल्या वेळात डिक्सन यांच्या ग्रंथालयात वाचन करायचे, असा क्रम सुरू झाला.

६.
अ‍ॅशव्हिलचा एक प्रसंग त्यांनी आठवणींत दिला आहे. सहशिक्षिकेने थट्टेने एक मेलेला भुंगेरा आणून दिला आणि ‘हा घ्या, चिरफाडीचा पहिला विषय’ अशा अर्थाचे काही म्हटले. ब्लॅकवेल यांनी तो शिंपल्यात ठेवला, केसांच्या आकड्याने दाबून धरला; पण चाकू काही चालेना. बराच वेळ मनाशी झगडल्यावर त्यांनी तो कापला. आत पिवळसर भुकटीपलीकडे काहीच निघाले नाही! शरीरशास्त्राचे ज्ञान त्यातून शून्य मिळाले. किळस मात्र त्या दिवशी मोडली, आणि पुढे ती आडवी आली नाही.

७.
१८४७ मध्ये त्या फिलाडेल्फियात आल्या. अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाचे हे त्या काळचे प्रमुख केंद्र. खासगी शिकवणीत त्यांनी मानवी मनगटाचे विच्छेदन केले. तेथील स्नायुबंधांची रचना पाहून किळस दूरच राहिली, उलट त्या मोहून गेल्या. दुसरीकडे अर्ज करणे चालूच होते. कोणी पॅरिसला जाण्याचा सल्ला दिला, कोणी पुरुषवेश धारण करण्याचा. फिलाडेल्फिया आणि न्यू यॉर्क येथील मोठ्या महाविद्यालयांनी नकार दिला. मग त्यांनी लहान गावांतील महाविद्यालयांकडे मोर्चा वळवला. नकारांचा आकडा २९ असा सामान्यतः सांगितला जातो.

८.
इथे एक तपशील ध्यानात घेतला पाहिजे. त्या काळी अमेरिकेत वैद्यकीय अभ्यासक्रम म्हणजे साधारण सोळा-सोळा आठवड्यांची दोन व्याख्यानसत्रे. दुसऱ्या सत्रात बहुतांशी पहिल्याचीच उजळणी असे. त्याला जोड असे एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली केलेल्या उमेदवारीची. म्हणजे वर्गात बसण्याचा काळ थोडा आणि बाहेर शिकण्याचा काळ मोठा. त्यामुळे डिक्सन बंधूंच्या ग्रंथालयांतील दोन वर्षे हा ब्लॅकवेल यांच्या शिक्षणाचाच भाग ठरतो, तयारीचा नव्हे. फक्त त्यावर शिक्का मारणारे कोणी नव्हते.

९.
तो शिक्का अखेर जिनिव्हाने दिला. हे स्वित्झर्लंडचे जिनिव्हा नव्हे. न्यू यॉर्क राज्यातील एक छोटे गाव. तेथील अध्यापकांना नकाराची जबाबदारी घ्यायची नव्हती, म्हणून त्यांनी अर्ज विद्यार्थ्यांपुढे ठेवला. एकाचाही विरोध असेल तर प्रवेश नाही, अशी अट होती. सुमारे दीडशे तरुणांनी हा थट्टेचा विषय समजून एकमताने होकार दिला! ऑक्टोबर १८४७ मध्ये होकाराचे पत्र निघाले. २३ जानेवारी १८४९ रोजी ब्लॅकवेल पदवीधर झाल्या. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

१०.
ही कथा सहसा येथेच संपवतात. पण पुढचा भाग अधिक बोधक आहे. एलिझाबेथ यांच्या धाकट्या भगिनी एमिली यांनी अर्ज केला, तेव्हा त्याच जिनिव्हाने त्यांना नाकारले. शिकागोच्या रश महाविद्यालयाने एमिलींना एक सत्र शिकू दिले आणि नंतर दार लावून घेतले. शेवटी १८५४ मध्ये क्लीव्हलंड येथे त्यांना पदवी मिळाली. एका स्त्रीला आत घेतले म्हणजे वाट मोकळी झाली, असे घडले नाही.

११.
इंग्लंडमध्ये हाच प्रकार झाला. १८५९ मध्ये ब्लॅकवेल यांची व्याख्याने लंडनमध्ये झाली. श्रोत्यांत एलिझाबेथ गॅरेट नावाची तरुणी होती. वैद्यकीय शाळांनी तिला घेतले नाही. तेव्हा तिने औषधविक्रेत्यांच्या जुन्या मंडळाची, म्हणजे सोसायटी ऑफ अ‍ॅपोथेकरीजची नियमावली धुंडाळली. परवाना ‘पुरुषांनाच’ मिळेल असे तीत कुठेही लिहिलेले नव्हते. १८६५ मध्ये तिने परवाना मिळवला. मंडळाने लगेच नियम बदलले, आणि ती फट तिच्यामागे बुजली. एकाच व्यक्तीपुरते उघडून पुन्हा मिटणारे दार, हा या इतिहासातील वारंवार दिसणारा आकृतिबंध आहे.

१२.
याला उत्तर काय? ज्यांना प्रवेश मिळाला नाही, त्यांनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी स्वतःची महाविद्यालये काढली. ज्या फिलाडेल्फियाने १८४७ मध्ये ब्लॅकवेल यांना नाकारले, त्याच शहरात १८५० मध्ये क्वेकर पंथीयांच्या पुढाकाराने स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे ते ‘वूमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानिया’ या नावाने ओळखले गेले. संस्था निघाली म्हणून सन्मान मिळाला असे नाही. नोव्हेंबर १८६९ मध्ये तेथील विद्यार्थिनी पेनसिल्व्हानिया हॉस्पिटलच्या वर्गाला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली, तंबाखूच्या पिचकाऱ्या मारल्या. तरीही महाविद्यालय टिकले.

१३.
आता हिंदुस्थानात येऊ. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचा विवाह नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत दगावला. वैद्यकाच्या शिक्षणाचा निश्चय या दुःखातून उगवला, असे तिच्या चरित्रात सांगितले जाते. पुढे गोपाळरावांची बदली जिथे होईल तिथे बिऱ्हाड आणि पुस्तके, असा तिचा संसार होता. शिक्षणासाठीचा गोपाळरावांचा आग्रह तापट आणि प्रसंगी क्रूर होता, हेही विसरता येत नाही.

१४.
आनंदीबाईंच्या प्रतीक्षेची वर्षे साधारण १८८० ते १८८३. अमेरिकेत मदत मिळावी म्हणून गोपाळरावांनी मिशनरी विल्डर यांना लिहिले होते. धर्मांतराची अपेक्षा पुढे आली आणि तो मार्ग खुंटला. पण तो पत्रव्यवहार एका नियतकालिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचला आणि पत्र धाडले. पुढे आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या. एकमेकींना न पाहता ही मैत्री सुमारे तीन वर्षे फक्त पत्रांतून वाढली. आनंदीबाईंचे इंग्रजी घडण्यास या पत्रांचा मोठा हातभार लागला असावा.

१५.
२४ फेब्रुवारी १८८३. स्थळ: कलकत्त्याजवळील सेरामपूर येथील महाविद्यालयाचे सभागृह. सतरा वर्षांच्या आनंदीबाईंनी तेथे इंग्रजीत व्याख्यान दिले. लोक जे प्रश्न विचारत होते, त्यांतील सहा त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात सोय नाही का? एकटी का जातेस? परतल्यावर वाळीत टाकले तर? संकट आले तर? आणि आजवर एकाही स्त्रीने केले नाही ते तूच का करावेस? आजच्या भाषेत सांगायचे, तर ही प्रवेशापूर्वीची जाहीर मुलाखत होती. फक्त मुलाखत घेणारा सारा समाज होता.

१६.
यातील दुसरा प्रश्न आपल्या विषयाचा गाभा आहे. हिंदुस्थानात कोणते पर्याय होते? मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ मध्येच मेरी शार्लीब आणि आणखी तिघींना प्रवेश दिला होता. कलकत्त्यात प्रवेश नाकारल्यामुळे अबला दास १८८२ मध्ये मद्रासला गेल्या होत्या. अन्यत्र सुईणपणाचे वर्ग होते. आनंदीबाईंनी हे सर्व पर्याय तोलले. तेथील शिक्षण अपुरे आहे, शिकवणारे पुरुष जुन्या मतांचे आहेत, आणि ख्रिस्ती किंवा ब्राह्मो नसलेल्या हिंदू स्त्रीला रस्त्यात व वर्गात सतत उपहास सोसावा लागतो, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

१७.
शेवटचा मुद्दा त्यांनी अनुभवावरून मांडला होता. पायांत जोडे घालून, हातात पुस्तक घेऊन रस्त्याने चालणाऱ्या ब्राह्मण स्त्रीकडे लोक कसे पाहतात, हे बदलीच्या गावोगावी त्यांनी सोसले होते. महाविद्यालयाची निवड केवळ अभ्यासक्रमावरून होत नाही. तेथवरचा रस्ता कसा आहे, यावरूनही होते. समुद्रापलीकडचे महाविद्यालय त्यांना जवळचे वाटले, कारण तेथे स्त्री म्हणून शिकणे ही रोजची लढाई नव्हती. ती लढाई आधीच्या तीस-पस्तीस वर्षांत इतरांनी लढलेली होती.

१८.
एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या. सोबत मिशनरी स्त्रिया होत्या, पती नव्हते. ४ जूनला त्या न्यू यॉर्कला पोहोचल्या. सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होणार होते. मधले चार महिने रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात गेले. तेथूनच त्यांनी फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाला अर्ज लिहिला. प्रवेशासाठी अपेक्षित असलेले सर्व शिक्षण आपल्याजवळ नाही, हे त्यात लपवले नाही. पुरुष वैद्याकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातील स्त्रियांसाठी हे शिक्षण हवे, हा त्यांचा युक्तिवाद होता.

१९.
महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली या रसायनशास्त्राच्या अध्यापिका. प्रवेश मिळाला आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही. १० ऑक्टोबर १८८५ रोजी तेथे काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: नऊवारीतील आनंदीबाई, किमोनोतील जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशी पोशाखातील सीरियाच्या साबात इस्लामबुली. तीन देशांतून तिघी एकाच महाविद्यालयात आल्या, हा योगायोग नव्हे. त्या काळी जगभरच्या मुलींच्या यादीत मोजकीच नावे होती, आणि फिलाडेल्फिया त्यांतले एक होते.

२०.
आता इतिहासातील तो जर-तर. आनंदीबाई निघाल्या त्याच १८८३ च्या सुमारास मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची दारे स्त्रियांसाठी उघडली. कलकत्त्यातही कादंबिनी गांगुली यांना मोठ्या झगड्यानंतर त्याच सुमारास प्रवेश मिळाला. आनंदीबाई एक-दोन वर्षे थांबल्या असत्या तर? परदेशची थंडी, परक्या देशातील जेवणाचे हाल, यांतले काहीच त्यांच्या वाट्याला आले नसते. मात्र १८८३ च्या फेब्रुवारीत उभे राहून पुढचे वर्ष दिसत नाही. कधी निघावे आणि कधी थांबावे, हे अर्जदाराला अपुऱ्या माहितीवरच ठरवावे लागते.

२१.
११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई पदवीधर झाल्या. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधील स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी नेमणूकही झाली. परंतु क्षयाने शरीर पोखरले होते. ते काम त्यांना करता आलेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. वय वर्षे एकवीस. त्यांची प्रकृती हिंदुस्थानातही नाजूकच होती, त्यामुळे ‘अमेरिकेला गेल्या म्हणून गेल्या’ असा सोपा निष्कर्ष काढू नये. पण निवड योग्य असली तरी तिची किंमत मोठी असू शकते, हेही नाकारू नये.

२२.
तिसऱ्या अर्जदाराकडे जाण्यापूर्वी एडिंबरोला थांबावे लागेल. १८६९ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक यांनी तेथील विद्यापीठात अर्ज केला. एकट्या स्त्रीसाठी वेगळी व्यवस्था करता येणार नाही, असे उत्तर आले. मग त्यांनी वर्तमानपत्रातून आणखी स्त्रियांना हाक दिली. पुढे त्या सात झाल्या. त्यांतील एडिथ पेची यांनी रसायनशास्त्राच्या परीक्षेत पहिल्यांदा बसणाऱ्यांमध्ये सर्वाधिक गुण मिळवले. शिष्यवृत्ती मात्र खालच्या क्रमांकाच्या पुरुषांना दिली गेली. १८ नोव्हेंबर १८७० रोजी परीक्षेला निघालेल्या या विद्यार्थिनींवर जमावाने चिखल फेकला. परीक्षेच्या दालनात एक मेंढी ढकलली.

२३.
१८७३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की विद्यापीठ त्यांना पदवी नाकारू शकते. चार वर्षांचे शिक्षण हाती राहिले, पदवी नाही. यानंतर १८७४ मध्ये जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने ‘लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर वूमन’ सुरू झाले. पहिल्या चौदा विद्यार्थिनींपैकी बारा जणी एडिंबरोत शिकलेल्या होत्या. एलिझाबेथ ब्लॅकवेल आता इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्या होत्या. त्यांनी तेथे अध्यापन केले. १८७७ मध्ये रॉयल फ्री हॉस्पिटलने विद्यार्थिनींना रुग्णालयीन प्रशिक्षणासाठी घेतले. यादीत आणखी एक नाव वाढले, आणि तेही नाकारलेल्यांनीच वाढवले.

२४.
एडिथ पेची यांनी १८७७ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न येथून एम. डी. घेतली आणि १८८३ च्या अखेरीस त्या मुंबईत आल्या. स्त्रियांसाठी उभारल्या जाणाऱ्या कामा हॉस्पिटलचे काम त्यांच्याकडे सोपवले गेले. याच मुंबईत एक तरुणी न्यायालयाच्या पायऱ्या चढत होती. रखमाबाई, जन्म १८६४. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित नामांकित वैद्य. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झाले होते. त्या सासरी मात्र गेल्या नव्हत्या. १८८४ मध्ये दादाजींनी दावा दाखल केला.

२५.
१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिनी यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला; तो टिकला नाही. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तुरुंग पत्करीन, असे रखमाबाईंनी सांगितले. टिळकांच्या ‘केसरी’ने त्यांच्यावर टीका केली, तिकडे इंग्लंडपर्यंत चर्चा पोहोचली. जुलै १८८८ मध्ये दादाजींनी २,००० रुपये घेऊन हक्क सोडला. एकोणीस-वीस ते चोवीस हे वय, ज्या वयात आज विद्यार्थी पदवी पूर्ण करतात, ते त्यांनी एका दाव्यात घालवले.

२६.
‘घालवले’ हा शब्द मात्र तपासून घेतला पाहिजे. मिशनच्या वाचनालयातील पुस्तके आणून त्यांनी घरी अभ्यास केला होता. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयी त्यांची पत्रे छापून आली. त्यांचे इंग्रजी, युक्तिवाद आणि धीर या वर्षांत तावून निघाले. वैद्यक शिकण्याची इच्छा व्यक्त झाली, तेव्हा पेची यांनी पाठबळ दिले आणि निधी जमवण्यास साहाय्य केले. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या, ते पेची यांच्या सहकारिणींनी उभारलेल्या त्याच महाविद्यालयात.

२७.
या साखळीकडे एकदा पुन्हा पाहा. ब्लॅकवेल यांचे व्याख्यान ऐकून गॅरेट उभ्या राहिल्या. एडिंबरोने पदवी नाकारली, म्हणून लंडनचे महाविद्यालय निघाले. पदवीसाठी बर्नपर्यंत जावे लागलेल्या पेची मुंबईला आल्या आणि त्यांनी रखमाबाईंना लंडनची वाट दाखवली. १८९४ मध्ये रखमाबाईंनी वैद्यकीय पात्रता मिळवली, ब्रुसेल्सची एम. डी. ही पदवीही घेतली. परतल्यावर त्यांनी सुरत आणि राजकोट येथे सुमारे पस्तीस वर्षे रुग्णसेवा केली. १९५५ मध्ये, वयाच्या नव्वदीत, त्यांचे निधन झाले.

२८.
आनंदीबाई आणि रखमाबाई यांच्या जन्मांत जेमतेम चार महिन्यांचे अंतर आहे. एक सतराव्या वर्षी निर्णय जाहीर करून अठराव्या वर्षी परदेशी महाविद्यालयात दाखल झाली. दुसरीला चोविसावे वर्ष उजाडेपर्यंत थांबावे लागले. उशिरा गेलेलीला पस्तीस वर्षांचे काम लाभले, लवकर गेलेलीला एक दिवसही नाही. यावरून ‘थांबणे बरे’ असा नियम काढता येणार नाही. आयुर्मान काही पसंतीक्रमात भरता येत नाही. एवढे मात्र म्हणता येईल, की उशीर झाला म्हणून कोणी अर्जदार बाद होत नाही.

२९.
प्रतीक्षेची वर्षे या तिघींनी स्वेच्छेने घेतली नव्हती. ती त्यांच्यावर लादली गेली. म्हणून त्यांचा गौरव करू नये. तीन हजार डॉलर हाती असते, तर ब्लॅकवेल संगीत शिकवायला गेल्या नसत्या. दावा नसता, तर रखमाबाई आधीच लंडनला पोहोचल्या असत्या. तरी पाहा: एकीने त्या काळात पुस्तकांच्या जवळची नोकरी शोधली, दुसरीने पत्रांतून परक्या देशात आप्त जोडले, तिसरीने लेखणी चालवली. तिन्ही गोष्टी पुढे वर्गात आणि वर्गाबाहेर उपयोगी पडल्या.

३०.
आज पसंतीक्रमाच्या यादीत शेकडो नावे असतात, आणि मुलगी म्हणून त्यांतले एकही वर्ज्य नसते. ती यादी आपोआप तयार झालेली नाही. भुंगेऱ्यावर चाकू चालवताना थरथरलेला हात, सेरामपूरच्या सभागृहातील सहा उत्तरे आणि तुरुंग पत्करण्याची तयारी, हे सर्व त्या यादीमागे आहे. यंदा जे यादी भरत असतील, त्यांना हव्या त्या ठिकाणी प्रवेश मिळो. ज्यांना एक वर्ष थांबावे लागेल, त्यांनी निदान हे ध्यानी ठेवावे, की या वाटेवर थांबलेले ते पहिले नव्हेत.

धागा समाप्त. आपल्या भागातील पहिल्या स्त्री-डॉक्टरांविषयी घरच्या वडीलधाऱ्यांना काही ठाऊक असेल, तर विचारून येथे जरूर लिहा.